होल्स इल्वाचं केसांचं दुकान

स्वीडनमधल्या आमच्या दालार्ना प्रांतात माणसाच्या नावाआधी घराचं नाव लागतं, म्हणून इल्वाला सगळे होल्स इल्वा म्हणतात. वय एकोणपन्नास, उंची चारचौघींत उठून दिसेल अशी, आणि बोलणं मात्र तोलूनमापून. बावीस वर्षं ती पालिकेच्या नोकरीत होती. गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, पायांत मोजे चढवायचे. कोणी म्हटलं, "किती करतेस गं तू आमचं," की ही म्हणणार, "छे, मोजेच तर आहेत." आमच्या गावात कौतुक कोणी केलं की ते अंगावरून झटकून टाकायचं असतं. जो झटकत नाही त्याच्याबद्दल मग आठवडाभर किराणा दुकानात बोललं जातं.

अशा बाईने दुकान काढलं. तेही इंटरनेटवर, आणि तेही केसांचं.

केस विकायचं नव्हे. माणसाच्या केसांपासून ब्रोच, अंगठ्या, कानातली, घड्याळाच्या साखळ्या विणायची कला तिच्या आजोळी चार पिढ्या चालत आलेली. पणजी याच कलेवर पाठीला पेटी बांधून पायी परमुलखात हिंडली होती. इल्वा शिकली ती स्तीना मावशीकडून. मावशी आता एक्याऐंशीची, तिचे हात थरथरतात, जीभ मात्र ठणठणीत. घरात हे काम येणाऱ्या त्या दोघीच उरल्या होत्या, आणि त्यातलीही एक नुसती बसून चुका काढणारी.

आपला धंदा उभा राहतो का ते बघायला आमच्या देशात नोकरदाराला सहा महिने रजा मिळते. इल्वाने ती ऑक्टोबरपासून घेतली होती. मार्चअखेर दुकान चाललं नाही तर पुन्हा नोकरी, आणि केसांचं काम कायमचं खणात. तिला हे काम हवं होतं. आयुष्यात दुसरं काही तिला इतकं हवंसं वाटलं नव्हतं, आणि ते कोणाला सांगायची तिची छाती नव्हती.

जाहिरातीची बाजू सांभाळायला होती तिची भावजय, योसेफिन. स्टॉकहोमची मुलगी, जाहिरात कंपनीत काम केलेली, इल्वाच्या भावाशी, पेरशी, लग्न करून इथे येऊन पडलेली. तिने इल्वाने लिहिलेला मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला.

"'केसांच्या वस्तू. सांगाल तशा करून मिळतील.' एवढंच? वन्सं, हे दुकान आहे की तार?"

"मग आणखी काय लिहायचं?"

"लिही की चार पिढ्यांची कला आहे. लिही की असं काम देशात फारसं कोणाला येत नाही. आणि एक फोटो टाक स्वतःचा, हसरा!"

"ब्रोचचा फोटो आहे ना."

"ब्रोचला तोंड नसतं गं! लोकांना माणूस बघायचा असतो."

इल्वाने फोटो काढू दिला तो फक्त हातांचा. योसेफिनने तो टाकला, खाली छान दोन ओळी लिहिल्या. दोन दिवसांत पन्नास-साठ लोकांनी उत्तरं दिली, आणि निम्म्यांनी एकच शब्द लिहिला होता, "ई!" एकाने विचारलं, मेलेल्या माणसाचे केस गळ्यात घालून झोप लागते का? नाताळपर्यंत ऑर्डरी आल्या तीन, आणि त्यातली एक मावशीच्या मैत्रिणीची होती, दयेपोटी.

जानेवारीत वेस्तेरोसहून एक जाड पाकीट आलं. पाठवणारी आनेली विक्लांडर, साठीची, निवृत्त शिक्षिका. तिची आई नोव्हेंबरात अचानक गेली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. अंत्यविधीआधी तिने आईची वेणी कापून ठेवली होती. "सगळी देववेना, म्हणून अर्धीच पाठवते आहे," तिने लिहिलं होतं. "फुलाचा ब्रोच करा. बघा, चौऱ्याऐंशीला आईचे केस कसे तांबूस होते. आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत."

केस विणायच्या आधी सोडा घातलेल्या पाण्यात उकळावे लागतात, तेल-मळ निघावा म्हणून. इल्वाने भांडं चुलीवर ठेवलं, केस सोडले आणि दहा मिनिटांत पाणी चहासारखं झालं. आणखी दहा मिनिटांनी बाहेर आले ते चांदीसारखे पांढरे केस.

इल्वा बराच वेळ चिमट्यात तो झुपका धरून उभी राहिली. आई केस रंगवत होती. लेकीला साठ वर्षांत ते कळलं नव्हतं. आता ते तिला कोण सांगणार? बावीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत काम केलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की तिथे जे दिसतं ते दाराबाहेर न्यायचं नसतं. तिने वीस-वीस केस मोजून वेगळे केले, टोकांना शिशाची वजनं बांधली, गोल टेबलाशी बसून चार दिवसांत फूल विणलं. पाच पाकळ्या, मधे बारीक गाठींचा परागाचा ठिपका. इतकं नाजूक काम तिने आजवर केलं नव्हतं. ब्रोच डबीत घालून पाठवला आणि सोबत चिठ्ठी टाकली, "मिळाल्याचं कळवा. इल्वा."

मी म्हणेन, इथे तिचं चुकलंच. दोन ओळी खाजगीत लिहायला काय हरकत होती? पण आमच्याकडची माणसं अशीच. दुसऱ्याची अब्रू झाकायला जातील आणि तोंडाला असं कुलूप लावतील, की स्वतःचीच धुळीला मिळेल.

त्यातच योसेफिनने इल्वाकडून सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवून घेतलं होतं, की वस्तू कशी वाटली ते दुकानाच्या पानावर लिहा. पहिला अभिप्राय आला तो आनेलीचा.

"हे माझ्या आईचे केस नाहीत. मी तांबूस वेणी पाठवली आणि मला कुणा परक्या म्हातारीचे पांढरे केस मिळाले. माझ्या आईचे केस कुठे आहेत? या बाईवर विश्वास ठेवू नका."

आमच्या भागात केस बदलल्याचा आळ म्हणजे दुधात पाणी घातल्याचा आळ नव्हे. त्याहून फार वाईट. इल्वाने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. योसेफिन धावत आली.

"खरं काय ते लिही ना! रंग उतरला म्हणून सांग. एका ओळीत प्रकरण मिटेल!"

"नाही."

"का नाही? खरं आहे ना ते?"

"खरं आहे. पण ते माझं नाही, तिच्या आईचं आहे. चारचौघांत कशी सांगू?"

"मग बस हात चोळत! वन्सं, दोन जणांनी ऑर्डरी मागे घेतल्यात सकाळपासून. तुझा चांगुलपणा तुलाच बुडवणार आहे एक दिवस."

"बुडवू दे," इल्वा म्हणाली. पण तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या रविवारी ती मावशीकडे गेली. मावशीने सगळं ऐकून घेतलं, दालचिनीचा पाव कॉफीत बुडवून खाल्ला आणि मग तोंड उघडलं.

"केस तुझ्या घरी आलेच कसे?"

"पोस्टाने, मावशी. दुसरे कसे येणार?"

"माझ्या आजीने कुणाचे केस कधी उंबऱ्याबाहेर नेले नाहीत. ज्याचे केस त्याच्याच स्वयंपाकघरात बसायची. त्यांच्याच भांड्यात उकळायची, त्यांच्याच टेबलावर विणायची. आठ-आठ दिवस मुक्काम. घरचे येता-जाता बघायचे. शंका यायला जागाच नव्हती."

"आता मी वेस्तेरोसला जाऊन त्या बाईच्या स्वयंपाकघरात बसू? ती मला दारात उभं करणार नाही."

"मला काय विचारतेस? योसेफिन दिवसभर त्या फोनमध्ये तोंड घालून बसते, तिच्या आईचं स्वयंपाकघर तिला दिसतं त्यात. मी बघितलंय. पडदे धुवायला झालेत बाईंचे."

इल्वा घरी आली ती चालत नव्हे, जवळजवळ पळत. तिने आनेलीला पत्र लिहिलं, आयुष्यातलं सर्वांत लांब, म्हणजे सात ओळींचं. उरलेली अर्धी वेणी पाठवा. तिला तुमच्या हाताने दोऱ्याची गाठ मारा, पाकिटावर सही करा. मी ते तुमच्या डोळ्यांसमोर फोडीन आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं तुमच्या डोळ्यांसमोर करीन. नाही पटलं तर केस तसेच परत पाठवीन.

आठवडाभर उत्तर नाही. मग पाकीट आलं. चारही बाजूंनी चिकटपट्टी, प्रत्येक कडेवर सही.

ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला इल्वाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडे आनेली बसली होती, ताठ, हाताची घडी घालून. "सुरू करा," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

इल्वाने पाकीट फोडलं, निळ्या दोऱ्याची गाठ फोनसमोर धरली.

"ही तुमची?"

"माझी."

"भांडं रिकामं आहे, बघून घ्या. हा सोडा. हे पाणी." तिने केस आत सोडले. मग हळूच म्हणाली, "बाई, थांबायचं असेल तर आत्ता सांगा."

"का? भीती वाटते?"

"मला नाही."

दोघी भांड्याकडे बघत राहिल्या. पाणी आधी पिवळट झालं, मग तांबूस, मग गडद. आनेली पुढे वाकली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इल्वाने चिमट्याने झुपका उचलून धरला. तांबूसपणा थेंबाथेंबाने गळत होता आणि आतून पांढरे केस वर येत होते.

"शुक्रवारी," आनेली म्हणाली. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी न्हाणीघराचं दार तासभर बंद असायचं. आई म्हणायची, बाईमाणसाला एक तास तरी स्वतःचा असावा. आणि तो वास! मी समजायचे साबणाचा आहे." ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "मी सगळ्या शाळेला सांगत फिरले हो, आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत म्हणून! आणि ती समोर बसून मान डोलवायची. लबाड बाई!"

इल्वाने केस कापडावर पसरले आणि ती फोनसमोर बसून राहिली. रडणाऱ्या माणसाजवळ नुसतं कसं बसायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"तुम्हाला पहिल्याच वेळी कळलं होतं?" आनेलीने शेवटी विचारलं.

"हो."

"आणि मी तुम्हाला चोर म्हटलं तरी बोलला नाहीत?"

"तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी कोण सांगणारी?" मग इल्वा म्हणाली, "पण तुम्हाला एकटीला लिहायला हवं होतं. ते चुकलं माझं. तुमचे दिवस वाईट गेले असतील."

त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस आनेली रोज दहाला पडद्यावर हजर. इल्वा वीस-वीस केस मोजायची आणि आनेली आईच्या गोष्टी सांगायची. तिसऱ्या दिवशी तिने विणकाम घेऊन बसायला सुरुवात केली. ब्रोच पुरा झाला तेव्हा तिने आधीचे शब्द खोडले नाहीत, त्यांच्याखालीच नवे लिहिले:

"केस माझ्या आईचेच आहेत. ती ते रंगवायची, आणि मला ते साठाव्या वर्षी कळलं. होल्स इल्वाला ते माझ्याआधी कळलं होतं, आणि मी तिला वाटेल ते बोलले तरी तिने माझ्या आईचं गुपित राखलं. तुमची माणसं हिच्या हाती बिनधास्त सोपवा. आणि बघत बसा. चार दिवस आई माझ्याजवळ होती."

योसेफिनने ते वाचलं आणि या वेळी एकही शब्द न जोडता तसंच्या तसं दुकानाच्या पहिल्या पानावर लावलं. खाली इल्वाची एक ओळ घातली: "तुमचे केस तुमच्या डोळ्यांसमोर विणले जातील." बस्स.

"हे काम आपण सगळ्यांना थेट दाखवू या का?" तिने एकदा विचारून बघितलं. "हजारो लोक बघतील, वन्सं."

"टेबलाशी दोघंच असतात," इल्वा म्हणाली. "तिसरं कोणी नाही."

भावजयीने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. आणि आश्चर्य म्हणजे चारचौघांना दाखवायचं नाही म्हणूनच लोक येऊ लागले. उमेओहून एक म्हातारा पडद्यावर आला, बायकोच्या केसांची घड्याळाची साखळी करून घ्यायला. तीन तास एक अक्षर बोलला नाही आणि शेवटी म्हणाला, "उद्या पुन्हा याच वेळी?" एक तरुण आई आली, बाळाच्या पहिल्या जावळाची अंगठी हवी म्हणून. ते बाळ सगळा वेळ फोनला चाटत होतं. "ई!" म्हणणारे अजूनही म्हणत होते, पण आता त्यांना उत्तर द्यायला दुसरेच लोक पुढे सरसावत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जूनपर्यंतच्या सगळ्या तारखा ठरून गेल्या.

पंचवीस मार्चला सकाळी पालिकेच्या कचेरीतून फोन आला. तिची साहेब, मार्गारेता.

"इल्वा, रजा संपतेय तुझी. एप्रिलच्या पाळ्या लावायला घेतल्यात मी. तुला धरू ना?"

इल्वाच्या समोर टेबलाभोवती शिशाची वजनं लोंबत होती. अर्धी साखळी विणून झाली होती, दहा वाजायला वीस मिनिटं होती.

"नको धरू," ती म्हणाली. "मी येत नाही आता."

"म्हणजे चालतंय का तुझं ते?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं. तसं बरं आहे. बघू. काही खरं नाही. इल्वाने तोंड उघडलं, आणि यातलं एकही तिच्या जिभेवर आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "छान चाललंय. मला चांगलं येतं गं हे काम."

फोन ठेवल्यावर तिचे कान लाल झाले होते. हे आता दुपारपर्यंत गावभर होणार, हे तिला माहीत होतं. होऊ दे, असं मनाशी म्हणून तिने हात धुऊन घेतले आणि खुर्ची पुढे ओढली.