रंगाऱ्याच्या कुंपणावरचा पाहुणा

आमच्या शेजारच्या रंगाऱ्याला सगळी गल्ली 'दुसरा हात' म्हणायची. भिंतीला पहिला हात दिला की घरमालक कुरकुरायचा, "अहो, डाग दिसतायत." ह्याचं उत्तर ठरलेलं, "थांबा हो, दुसरा हात बसू द्या." पुढे पुढे चहा फिका झाला तरी तेच, बायको रुसली तरी तेच.

लोकांची घरं आरशासारखी करणारा माणूस, पण स्वतःच्या परसातलं लाकडी कुंपण बघवत नव्हतं. जिथे तिथे रंगाचे पोपडे. कारण एकच, थिरथिरा. ऊन मवाळ झालं, पानं पिवळी पडून गळायला लागली, की हा चिमणीएवढा पाहुणा कुठून तरी लांबून यायचा. अंग काळं, पोट नि शेपटी विटकरी. शेपटी सारखी थरथरती, जणू आत्ताच आंघोळ झालीय आणि टॉवेल सापडत नाहीये. कुंपणावर बसून तो पोपड्यांमागचे किडे टिपायचा. आम्ही दोघं मागच्या पायरीवर चहा घेऊन बघत बसायचो. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान तोवर बंदच.

"तोच आहे बघ, गेल्या सालचा," रंगारी म्हणायचा.

"कशावरून? परवा बाजारात सख्ख्या मेहुण्याला ओळखलं नाहीस."

"ओळखलं होतं रे. म्हणून तर दुसऱ्या गल्लीत वळलो."

वहिनींना मात्र त्या कुंपणाची भारी लाज वाटायची. "भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. रंगाऱ्याचं घर आणि मागे हे असलं! काम कोण देईल?" एका वर्षी लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच यायची होती. वहिनींनी धोशाच लावला. शेवटी गडी नमला. सगळं खरवडलं, घासलं, हिरवा ऑइलपेंट लावला आणि अर्थातच दुसरा हात दिला. कुंपण असं चकाकलं, की व्याही त्याच्यापुढे उभे राहून भांग पाडू लागले.

मग पानं गळायला लागली. थिरथिरा काही आला नाही.

"येईल रे," मी म्हणायचो, "वाटेत रमला असेल कुठे."

तो त्या चकचकीत हिरव्याकडे बघत बसायचा, चहा हातातच गार व्हायचा. एके ठिकाणी पांढऱ्या करायच्या खिडक्यांना दाराचा चॉकलेटी रंग फासून आला. मालक ओरडला, तरी 'दुसरा हात' हे शब्द तोंडातून निघाले नाहीत. ते ऐकून वहिनी घाबरल्या.

एका सकाळी पलीकडून खर्र खर्र आवाज आला म्हणून मी डोकावलो. वहिनी बाह्या सरसावून, काचपेपर घेऊन नव्याकोऱ्या रंगावर तुटून पडल्या होत्या. वरच्या फळ्यांना हात पोचावा म्हणून नवऱ्याची कामावरची शिडीही टेकवलेली.

"वहिनी, हे काय आता?"

"जुना करतेय."

"काय जुना करताय?"

"रंग! बघत काय राहिलात? या, ते टोक धरा."

आवाजाने तोही दारात आला. मला वाटलं, आता भडकतो. त्याने घासलेल्या फळीवरून बोट फिरवून बघितलं.

"अगं, असे घासून पोपडे येत नाहीत. त्याला वर्षानुवर्षं ऊनपाऊस खावा लागतो."

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा! मीच मागे लागले होते ना?" वहिनी आणखी जोरात घासू लागल्या.

तो पायरीवर मटकन बसला आणि पोट धरून हसायला लागला. कितीतरी दिवसांनी. "आता ह्यालाही दुसरा हात द्यावा लागणार!" म्हणाला आणि त्यांच्या हातातला काचपेपर काढून घेतला.

कुंपण काही जुनं झालं नाही, नुसतं विद्रूप झालं. पण शिडी तिथेच राहून गेली. तिच्यावर गावभरच्या घरांचे रंग ओघळून, सुकून, तडकलेले. पायरी-पायरीला पोपडे. दोन-तीन दिवसांनी वहिनींनी चहा आणला आणि जागच्या जागी थबकल्या.

शिडीच्या टोकावर शेपटी थरथरत होती.

"अहो," त्या कुजबुजल्या, "तोच का हो?"

"तोच."

त्यानंतर ती शिडी त्याने कधी हलवली नाही. कामाला जाताना शेजाऱ्यांची शिडी मागून न्यायचा आणि शिव्या खायचा.

आता तो नाही. शिडीच्या दोन पायऱ्या निखळल्यात. लेक म्हणते, मोडून टाकू. वहिनी ऐकत नाहीत. परवा भिंतीपलीकडून हाक आली, "भावजी, या लवकर, तोच आलाय!"

गेलो. पायरीवर बसलो. 'कशावरून' असं विचारलं नाही. चहा फिका होता, तेही बोललो नाही.