छत्तिसाव्या रांगेतली नळी

वीजकेंद्रात तिला सगळे नाडीबाई म्हणत. स्टीम जनरेटरच्या साडेतीन हजार नळ्यांतून तपासणीचा प्रोब फिरवायचा, पडद्यावरच्या रेघा वाचायच्या आणि कुठला तडा दुरुस्तीसाठीच्या पुढच्या शटडाऊनपर्यंत दम धरेल, कुठला नाही, ते सांगायचं, हे तिचं काम.

नवरा जहाजावर फिटर. आठ महिने पाण्यात, नऊ दिवस घरी. यंदा ते नऊ दिवस नेमके शटडाऊनमध्येच आले. तरी पाच दिवस ती संध्याकाळी सहाच्या ठोक्याला घरी पोचली. तो दारातच उभा असे, हातात पोळपाट-लाटणं नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर.

सहाव्या दिवशी छत्तिसाव्या रांगेतली एक नळी तिच्या डोळ्यांत सलली. मागच्या खेपेला तडा जाडीच्या अठरा टक्के होता, आता पस्तीस.

"चाळीसपर्यंत चालतं, बाई," साहेब म्हणाले.

"आज चालतं. या वेगानं सहा महिन्यांत फुटेल. आणि ही एकटी नसणार. शेजारच्या सगळ्या बारकाईनं तपासू, मग हिला जागच्या जागी पाण्याचा दाब देऊन बघू."

"म्हणजे चार दिवस गेले!"

"हो, चार," ती म्हणाली. कुठले चार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी कुरकुरत सही केली. तिच्याखेरीज त्या रेघा वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. ती तिथेच राहिली. खुर्चीतच डुलकी काढायची, पुन्हा पडद्याला डोळे लावायचे. दुपारी घरून त्याच्या हातचा डबा यायचा. भाजीत मीठ जास्त, तरी ती डबा पुसून संपवायची.

नवव्या दिवशी तो बॅग घेऊन थेट फाटकावर आला. दहा मिनिटं मिळाली, तीही पहारेकऱ्यासमोर. बोलायचं ते राहिलंच. सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलले, गच्चीच्या दाराची कडी बसवल्याचं त्यानं सांगितलं.

"अगं, डोळे किती लाल झालेत."

"झोपेन आता."

"मी असताना झोपली असतीस तर..." तो हसला, पण हसू ओठांवरच विरलं. बस आली.

त्याच दुपारी नळीला दाब दिला. जेवढा सोसायला हवा होता, त्याच्या निम्म्यावरच ती फाटली. शेजारच्या अकरा नळ्यांत तसेच तडे निघाले होते. सगळ्यांची तोंडं बुजवून त्या कायमच्या बंद केल्या.

"बाई, तुम्ही वाचवलंत," साहेब म्हणाले. तिनं पडदा बंद केला.

घरी आली तेव्हा उशीवर त्याच्या डोक्याचा खोलगट ठसा तसाच होता. तेवढ्यात बंदरावरून फोन आला.

"ती नळी फुटली?"

"फुटली."

"मग बरं झालं, थांबलीस ते."

"तू थांबायला हवा होतास," ती म्हणाली. पलीकडे भोंगा वाजला आणि आवाज तुटला. त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे.

पुढचं सबंध वर्ष केंद्र एकदाही बंद पडलं नाही. तो पुन्हा आला, नऊ दिवस राहिला, गेला. ते चार दिवस मात्र तिला अजून हवे असतात.