सुनंदा विचारते

एका व्यक्तीखेरीज हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नानांना नाही, ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण दर रविवारी सकाळी तुम्ही माझं हे ई-पत्र उघडता — नकाशांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी मराठीत लिहिलेलं — आणि त्यात जे असतं ते खरं मानता. मानता ना? तीच तर अडचण आहे.

आधी एक बातमी सांगू का? टाळत नाहीये, पण राहवतही नाही. आता अख्ख्या तालुक्याचा नकाशा — रस्ते, ओढे, वाड्यावस्त्या सगळं धरून — एकाच फाइलीत बसतो. ती फाइल साध्या होस्टिंगवर टाकायची, झालं. नकाशासाठी वेगळा सर्व्हर नको की त्याची देखभाल नको. परवा मी खटाव तालुका असा टाकून पाहिला. मोबाइलवर बोट फिरवलं आणि वडूजची आमची येरळा नदी सरसर उलगडत गेली! मी खुर्चीतून उठलोच. ऑफिसात समोर बसणाऱ्याने विचारलं, ‘‘काय रे, पगार वाढला काय?’’

असा आहे मी. आनंद झाला की भान राहत नाही. जे सांगायचं आहे तेही याच आनंदातून सुरू झालं. सुरू झालं म्हणतोय. पुढे जे झालं त्याचा दोष आनंदाला देता येणार नाही.

तुम्हाला ‘सुनंदा विचारते’ हे सदर आवडतं. करमाळ्याची सुनंदा, एका क्लासमध्ये मुलांना संगणक शिकवता शिकवता स्वतः नकाशांचं प्रोग्रामिंग शिकणारी. तिचे प्रश्न आणि माझी उत्तरं. या गुरुवारपर्यंत खारघरच्या एका ऑफिसात तिच्यासाठी नोकरी राखून ठेवलेली होती. माझ्या शब्दावर. म्हणून आता गप्प राहता येत नाही.

जरा मागून सांगतो. नाना, म्हणजे माझे वडील, वाशीच्या बाजारात माथाडी. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडूजच्या शाळेतून आलो आणि महाप्याच्या एका छोट्या कंपनीत नकाशांच्या कामावर लागलो. काय सांगू तुम्हाला ते दिवस! पृथ्वी हातात आल्यासारखं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मी कोपरखैरण्याचं आमचं घर नकाशावर टाकायला गेलो. आपण तोंडाने अक्षांश आधी म्हणतो, फाइलीला मात्र रेखांश आधी हवा असतो. मला कुठे माहीत? एकोणीस आणि त्र्याहत्तर उलटे पडले. घर सापडेना, म्हणून शेजारच्या सीनियरला विचारलं. त्याने स्क्रीन बघितली आणि अख्ख्या मजल्याला हाक मारली.

‘‘ए, इकडे या! या वडूजवाल्याचं घर बघा कुठाय — नॉर्वेच्या वर, समुद्रात! अरे, नानांना मफलर तरी घे!’’

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. त्यानंतर तिथे कधीच काही विचारलं नाही. शिकलो, पण न विचारता, चाचपडत.

पुढे हे ई-पत्र सुरू केलं, ते हेच चाचपडणं कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून. नवं काय आलं, फुकट माहिती कुठे मिळते, कुठल्या साधनाने काय होतं — सगळं मराठीत. शेवटी लिहायचो, ‘प्रश्न पाठवा’. एकही प्रश्न येत नव्हता. लोकांना प्रश्न नव्हते का? होते. विचारायची लाज होती. मला नव्हती का?

मग मी माझेच प्रश्न लिहिले. फक्त नाव माझं नको होतं, तो सीनियरही हे पत्र वाचायचा. म्हणून सुनंदा. माझं घर नॉर्वेच्या वर का गेलं? नकाशा सरकवला की गावाचं नाव अर्ध्यात का कापलं जातं? जुना कागदी नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला की दिवाळे या कोळीवाड्याची वस्ती खाडीत का सरकते? हे सगळे प्रश्न माझे. माझं अडाणीपण मी एका मुलीच्या पदरात टाकलं आणि मी उत्तरं देणारा ‘सर’ झालो.

आणि काय पत्रं आली हो! ‘सुनंदासारखंच माझंही झालं.’ ‘सुनंदाला सांगा, मीपण तिथेच अडकलो होतो.’ मी नाचायचा बाकी होतो. तुम्ही म्हणाल, एवढंच ना? सदरातले प्रश्न पुष्कळ लोक स्वतःच लिहितात. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण एवढंच नाही.

अश्विनीचं पत्र आलं. अश्विनी परतूरची. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात चलनं टाइप करायची आणि खारघरला पीजीत राहून रिकाम्या वेळात प्रोग्रामिंग शिकायची. (तिच्याबद्दल इथे जे लिहिलंय ते आधी तिला वाचून दाखवलं आहे.) तिने लिहिलं, ‘सर, मला सुनंदाताईंचा ईमेल द्याल का? आमच्यासारख्या घरातली, हे करणारी दुसरी मुलगी मला माहीत नाही.’

काय करायला हवं होतं? ‘सुनंदा नाही, ते प्रश्न माझे आहेत’ — एवढी एक ओळ पुरली असती. तिला उलट बरंच वाटलं असतं, की सरांचंही घर समुद्रात गेलं होतं. मी ती ओळ लिहिली नाही. दुपारी कँटीनमध्ये बसून सुनंदाच्या नावाचा ईमेल उघडला. आणि उत्तर दिलं.

सुरुवातीला सगळं प्रोग्रामिंगचंच होतं. ती शिकत होती आणि मी हरखत होतो! तिने दिवाळ्याचा नकाशा बनवला — होड्या कुठे लागतात, सुकट कुठे वाळत घालतात, कोळीण मावश्या मासे घेऊन कुठे बसतात. मी तो या पत्रात कौतुकाने छापला, आठवत असेल. त्याच दिवशी सुनंदा होऊन तिला लिहिलं, ‘बघ, सरांनी छापलं! मी म्हटलं नव्हतं?’ एकाच तोंडाने दोनदा शाबासकी. त्यातली खरी कुठली होती?

हळूहळू ‘सुनंदाताई, तुम्ही’चं ‘सुनंदा, तू’ झालं. मग ती इतर गोष्टी लिहू लागली. पीजीतल्या, घरच्या, अंगावरच्या दुखण्याच्या — एक बाई दुसऱ्या बाईला जे सांगते ते. तिथे तरी थांबायचं. मी थांबलो नाही. वाचत गेलो आणि उत्तरं देत गेलो, ‘माझंही असंच होतं गं.’ हे वाक्य मी लिहिलेलं आहे. 

आणि मग ते पत्र. तिला स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त नोकरी सोडून लातूरला राहायचं. त्यात एवढाच प्रश्न होता, ‘तू असतीस तर काय केलं असतंस?’

मी असतो तर? मी कोण होतो? मला लग्न होऊन सासरी जायचं नव्हतं, की आईचं रडणं ऐकायचं नव्हतं. मी लिहिलं, ‘नाही म्हण. मी म्हटलं होतं.’ घाईघाईत करमाळ्याचं एक मोडलेलं स्थळही रचलं. तिने नाही म्हटलं. तो नकार तिच्यासाठी बरा ठरला की वाईट, हे मला माहीत नाही. पुढे तिचं काम वाढलं, नाव झालं, ती खारघरच्या एका कंपनीत गेली आणि तिथे तिच्या हाताखाली चार माणसं आली. पण ते माझ्या खात्यावर कसं मांडू?

खारघरला आपल्या वाचकांच्या मेळाव्यात ती मला भेटली. ‘‘सर, सुनंदाला ओढून आणा ना एकदा. फोनवर बोलायलाही तयार नाही बाई. एवढी कसली लाजते?’’

‘‘लाजरीच आहे ती,’’ मी म्हणालो. समोरासमोर, तिच्या डोळ्यांत बघून.

गेल्या महिन्यात तिच्या टीममध्ये जागा निघाली. तिने सुनंदाला लिहिलं, ‘मुलाखत-बिलाखत नाही. बॅग उचल नि ये. एक मुलगी येऊन गेली, हुशार आहे, पण तिला थांबायला सांगितलंय. जागा तुझी.’ सरांना, म्हणजे मलाही, वेगळं विचारलं, ‘ती सांभाळेल ना काम?’ मी सर म्हणून लिहिलं, ‘नक्की.’ आणि सुनंदा म्हणून लिहिलं, ‘विचार करते.’

खऱ्या मुलीला थांबवून ठेवलं होतं. आणि कुणासाठी?

गुरुवारी मी खारघरला तिच्या ऑफिसात गेलो. तिने उत्साहाने आत बोलावलं, चहा सांगितला आणि विचारलं, ‘‘काय म्हणते आमची बाई? पटवलंत का?’’ मी उभ्याउभ्याच सांगितलं. पहिल्यांदा ती हसली.

‘‘मस्करी करताय, सर.’’

‘‘नाही.’’

‘‘म्हणजे ते प्रश्न तुमचे?’’

‘‘हो.’’

‘‘आणि उत्तरं?’’ ती म्हणाली. ‘‘मला आलेली?’’

‘‘तीपण.’’

तिने खुर्ची मागे सरकवली. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, त्याला ती शांतपणे म्हणाली, ‘‘दोन मिनिटं.’’ मग मला विचारलं, ‘‘लग्नाचं कुणी लिहिलं?’’

‘‘मी.’’

 ती म्हणाली, ‘‘हे सगळ्यांना सांगा. सुनंदाला नुसती मीच नाही, पुष्कळ जणी ओळखतात. मुलींनी तिचं नाव घरी सांगितलंय, बघा, ही पण करते म्हणून.’’ म्हणून हा अंक. सुनंदा नाही. कधीच नव्हती. हे सदर आजपासून बंद. खारघरची ती जागा थांबलेल्या त्या मुलीला मिळाली आहे. अश्विनीने त्याच संध्याकाळी तिला फोन केला.

निघताना मी म्हणालो, ‘‘तो ईमेल मी पुसून टाकतो. तुमची सगळी पत्रं जातील.’’

‘‘पुसून काय होणार?’’ ती म्हणाली. ‘‘वाचलीत ना तुम्ही.’’

हो. सगळी वाचली. काही तर पुन्हापुन्हा.