‘मुलगा गेला’ म्हणजे कुठे गेला

मंडळी, इथे कुवेतमध्ये, रिग्गईतले आमचे आयरिश शेजारी दर शुक्रवारी हॉलवर त्यांच्या इतिहासाचे सिनेमे दाखवतात. आज अम्मीला घेऊन गेलो होतो.

सिनेमा १९५०च्या काळातला. घर माणसांनी भरलेलं, सगळे रडतायत. अम्मीला इंग्रजी येत नाही. तिने विचारलं, “काय झालं रे?”

मी कुजबुजलो, “मुलगा गेला.”

अम्मी मोठ्याने “इन्ना लिल्लाही” म्हणाली. अख्खा हॉल वळून बघायला लागला.

“अगं, मेला नाही, कामासाठी अमेरिकेला गेला. गप्प बस ना जरा,” मी खेकसलो.

ती हळूच म्हणाली, “साठ-बासष्टच्या सुमाराला तुझे अब्बा बोटीने कुवेतला निघाले, तेव्हा तुझी दादीपण अशीच रडली होती. ते पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा ती कबरीत होती.”

पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही.

मघाशी ड्युटीला निघताना दाराशी म्हणालो, “अम्मी, येतो.” ती नुसती “हं” म्हणाली.

आईवर चारचौघांत खेकसल्यावर तुम्ही माफी कशी मागता? तिला सिनेमा समजावून सांगायला मी बसलो होतो, आणि आता मलाच शब्द सापडत नाहीयेत.