राजारामपुरीतला लेव्हल शिफ्टर

ऑफिस बंद करताना एक गोष्ट लक्षात आली. जे काम केलं ते करारानुसार क्लायंटचं. टेबलं, खुर्च्या, एसी घरमालकाचे. आमच्या नावावर उरले ते किस्से, आणि ते मात्र पोत्यानं साठले होते. आता आम्ही कुठंही भेटलो की तेच निघतात. हसतो खरं, पण शेवटी कुणीतरी विषय बदलतंच.

आम्ही चौघं. अजित सर, सोनाली, मल्लिकार्जुन म्हणजे आमचा मल्लू, आणि मी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या माडीवर बसून चिपचा एक बारीक भाग डिझाइन करायचो, त्याचं नाव लेव्हल शिफ्टर. चिपचा एक भाग बॅटरी वाचवायला अगदी कमी व्होल्टेजवर चालतो, शेजारचा जास्त व्होल्टेजवर. कमीवाल्याचा सिग्नल जास्तवाल्याला ऐकूच जात नाही. मध्ये बसून तो उचलून द्यायचा, आणि तोही झटक्यात, एवढंच आमचं काम.

पहिल्याच दिवशी खालच्या कंपाउंडरनं विचारलं, "काय करतासा वर?"

मल्लू म्हणाला, "व्होल्टेज वाढवतो."

"मग आधी आमच्या गल्लीतलं वाढवा की! फ्रीज चालंना झालाय."

*

अजित सर शिवाजी पेठेतले. बेंगळुरूची मोठी नोकरी सोडून आले होते, कारण घरी वडील एकटे. वडिलांना सगळी पेठ बापू म्हणते. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्यांचं, आता बंद. बेंगळुरूला चला म्हटलं की एकच उत्तर, "मी पेठ सोडणार न्हाय."

सर परत आले तसं बापूंनी माडीवरची खोली रंगवून घेतली आणि तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं, "पोरगं आलंय. आता जात न्हाय."

कट्ट्यावरच्या एकानं विचारलं, "पण करतोय काय?"

"बारीक काम हाय."

"किती बारीक?"

"डोळ्याला दिसत न्हाय."

"आन् पगार?"

"त्यो दिसतोय की!"

खरं म्हणजे सगळं या एका कामावर होतं. आमचा शिफ्टर क्लायंटच्या चिपमध्ये चालला तर पुढची कामं येणार, ऑफिस टिकणार, सर कोल्हापुरात राहणार. नाही चालला तर सरांना बेंगळुरू. हे आम्हाला माहीत होतं आणि बापूंनाही.

*

चिप उणे चाळीस अंशातही चालली पाहिजे, अशी अट होती. मल्लूचं सर्किट उन्हाळ्यात पळायचं आणि थंडीत अडकायचं. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या थंडीत.

तो वैतागला. "एवढ्या थंडीत मोबाईल खिशातनं काढतंय कोण?"

"कुणी काढला तर चालायला नको?" सोनालीचं काम चुका शोधण्याचं, त्यामुळं तिला दयामाया नाही.

मग मल्लूनं एक सवय लावून घेतली. थंडीची चाचणी लावली की एसी एकदम खाली. आम्ही शाली पांघरून बसायचो. "रिझल्ट चांगला येतोय," म्हणायचा.

सरांनी एकदा पकडलं. आम्हाला वाटलं, आता याची शाळा घेणार. सरांनी शांतपणे विचारलं, "कितीवर ठेवतोस?"

"अठरा."

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनचा एसी सोळावर होता.

*

खरं दुखणं वेगळंच होतं. सर्किटात खालचा ट्रान्झिस्टर अशक्त, वरचा दांडगा. खालच्यानं ओढायचं, वरच्यानं सोडायचं नाही. ओढाताणीत वेळ जायचा आणि वेग मार खायचा. फळ्यासमोर आठवडे गेले.

शेवटी सोनाली म्हणाली, "आमच्या घरी मला माहेरी जायचं असलं की मिस्टर सासूबाईंना बोलण्यात गुंतवतात. मी तेवढ्यात पिशवी घेऊन बाहेर."

सर तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी फळ्यावर एक जादा ट्रान्झिस्टर काढला. त्याचं काम एकच, वरच्या दांडग्याला क्षणभर ढिला करायचं. वेग कुठल्या कुठं गेला!

घोटाळा पुढं झाला. ड्रॉइंगमध्ये त्या ट्रान्झिस्टरचं नाव आम्ही 'मिस्टर' ठेवलं होतं, ते बदलायचं राहिलं. क्लायंटचा साहेब कॉलवर गंभीरपणे म्हणाला, "हे 'मिस्टर' कशाचं संक्षिप्त रूप आहे?"

सरांनी सांगितलं, "सोनाली मॅडम सांगतील."

सोनालीनं फोन म्यूट केला तो केलाच.

*

सगळ्या चाचण्या पास झाल्या त्या आठवड्यात आम्ही पेढे वाटले, खालच्या पेशंटांनासुद्धा. आणि लगेच क्लायंटचा कॉल आला. त्यांनी चिपचे दोन्ही भाग एकाच व्होल्टेजवर आणले होते. शिफ्टरची गरज संपली. काम उत्तम आहे, असं दोनदा म्हणाले.

मल्लू म्हणाला, "म्हंजे त्या दोघांचं जमलं. आता मध्यस्थ कशाला?"

कुणी हसलं नाही. मला फार वाईट वाटलं. राग तरी कुणावर काढायचा? त्यांचा निर्णय बरोबर होता, आमचं सर्किटही बरोबर होतं. कुणी चुकलं असतं तर बरं वाटलं असतं.

आमचा भाग त्यांनी चिपमधून काढला मात्र नाही. काढायचा तर सगळा नकाशा नव्यानं करावा लागला असता, म्हणून नुसत्या वरच्या तारा तोडल्या. सरांनी बेंगळुरूची नोकरी घेतली. ऑफिसची किल्ली परत गेली.

*

सर जायच्या आदल्या दिवशी क्लायंटकडून एक नमुना आला, झाकण न लावलेली चिप. सरांच्या मित्राच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे. सर बापूंना घेऊन गेले, मीही सोबत होतो.

बापूंनी चष्मा काढून डोळा लावला. सर शेजारी वाकून सांगत होते, "दोन भागांच्या मधी हद्द हाय बघा. त्या हद्दीवर जी रांग दिसतीया, ती आमची."

बापू बराच वेळ बघत राहिले.

"चालतंय न्हवं?"

"न्हाय बापू. तारा तोडल्यात."

"मग काढून टाकतील की."

"आता न्हाय काढता येत. चिप हाय तवर तिथंच."

बापूंनी पुन्हा डोळा लावला.

"बरं झालं," ते म्हणाले. "हे तरी कुठं जात न्हाय."