दिलीप कवाच शिकला होता

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, मला फसवलं. माझं पोर स्वतःकडं ठेवून घेतलं आणि ते शी-शू सांगायला शिकलं तरी मला कळू दिलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं वाचताना तुमच्यातले काही म्हणतील, म्हातारीचा नातवावर जीव होता. जीव होताच. पण फसवलं ते फसवलं.

कुंडलहून आम्ही दोघं निघालो तेव्हा एसटीच्या थांब्यावर निम्मी आळी जमली होती. एक ट्रंक, एक स्टोव्ह, वळकटी. दिलीप आत्याबाईंच्या कडेवर, अंगात नुसतं झबलं, खाली काही नाही, हातात गुळाचा खडा. तो रडेल म्हणून मी मन घट्ट करून ठेवलं होतं. तो रडलाच नाही. गूळ चाटत बसला. गाडी हलली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "जा आता. मागं बघू नगंस."

मी बघितलं नाही. तुम्ही जे तिथं राहिलात त्यांना वाटलं, हिला दगडाचं काळीज आहे. तुम्ही जे माझ्यासारखे घर सोडून कराडला, पुण्याला, मुंबईला गेलात त्यांना माहीत आहे, मागं बघितलं की माणूस गाडीतून उतरतं.

पोर ठेवून का गेले, तेही सांगते. थोरले दीर फौजेत. त्यांच्या वाटणीचा ऊस आमच्याच उरावर. रात्री पाणी, दिवसा खुरपण, आणि घरात माझ्या शब्दाला किंमत नाही. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिलीपच्या आबांना, मीच रेटलं. सांगलीच्या हळदीच्या पेठेत मापाड्याचं काम मिळालं. पोती काट्यावर चढवायची, वजन पुकारायचं. खोलीही मिळाली. पण घरमालकीण काकूंनी एक अट घातली. त्या म्हणाल्या, "लहान मूल असेल तर ते सांगणारं पाहिजे. माझी ओसरी शहाबादी फरशीची आहे. फरशीत वास मुरतो."

दिलीप तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. त्याला मी घरामागच्या परड्यात माझ्या पायांवर बसवायची. आपल्याकडं सगळ्याच आया बसवतात तसं. आपण दोन्ही पाय पुढं करून बसायचं, लेकराला पावलांवर टेकवायचं आणि तोंडानं शूऽ शूऽ करत राहायचं. पायांवर बसवलं की तो करायचा. न बसवता सांगायचं मात्र त्याला कळत नव्हतं. झाल्यावर माझ्याकडं बघून हसायचा.

मी आत्याबाईंशी बोली केली. ज्या दिवशी दिलीप आपल्या तोंडानं शी-शू सांगेल, त्या दिवशी निरोप धाडायचा. मी येऊन घेऊन जाणार.

"व्हय की," आत्याबाई म्हणाल्या. "थंडी सरंस्तवर शिकंल."

थंडी सरली. उन्हाळा आला. मालक दर अमावस्येला कुंडलला जायचे, कारण अमावस्येला पेठ बंद. रात्रीच्या गाडीनं परत आले की मी जेवायला वाढायच्या आधी विचारायची. ते पायातलं काढत म्हणायचे, "अजून न्हाई. अंथरूण वलं करतंय." मग मी ताट वाढायची.

तोवर मी गोणपाटावर बसून कोथिंबीर विकायला लागले होते. मंडईत बाई नवीन दिसली की सगळे दाबून बघतात. मला दोन आठवडे दाबलं, मग मी दाबायला लागले. माझी जीभ तिखट आणि डोळा त्याहून तिखट. जुडीत माती किती आणि पाला किती, हे मी हातात न घेता सांगायची. पावसाळ्यापर्यंत मी गोणपाटावरून उठून ओट्यावर आले आणि शेतकऱ्यांकडून थेट माल घ्यायला लागले. रात्री मात्र झोपेत माझे पाय आपोआप पुढं सरकायचे, लेकरू बसवायला सरकतात तसे. मालक कुशीवर वळायचे.

एका सकाळी कुंडलची अक्काताई वांगी घेऊन आली. भाव करता करता आम्ही दोघी तापलो. मी म्हटलं, "वांगं हाय का भोपळा? निम्मं बियाणंच!" ती म्हणाली, "आगं, लेक दिलाय तुला देवानं सोन्यासारखा, आन् तुझी जीभ ही अशी!" मग आपलं आपणच हसून म्हणाली, "तुझा दिलप्या लय शाणा बाई. पत्र्याचं टमरेल घिऊन आपलं आपण जातंय की कडब्याच्या गंजीमागं. आमच्या पोरांस्नी त्याचं उदाहरण देतो आमी."

"कवापास्नं?" मी विचारलं.

"कवाच की! शिमग्याआधीपास्नं."

मी तिचा भाव कबूल केला आणि वांगी उतरवून घेतली. अक्काताई घाबरली. "बरं न्हाई का गं तुला?" म्हणाली.

मी ओटा शेजारणीवर सोडला आणि मिळेल ती गाडी धरली. कुंडलला उतरले ती सरळ परड्यात. दिलीप येत होता. उंच झाला होता. दोन्ही हातांनी टमरेल धरलेलं, पाणी सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून चाललेला. माझ्याकडं बघितलं, बाजूनं वळसा घातला आणि गंजीमागं गेला. मी गोठ्याला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं आवाज आला, "आजीऽ झालीऽऽ!"

मी धुवायला गेले. तो म्हणाला, "तू नगं. आजी."

सुखात असलेल्या लेकरावर राग धरता येत नाही. तो सगळा राग मी घेऊन घरात गेले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "आवं आत्याबाई, दिलप्या कवा शिकला?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "कवाच शिकलाय."

"मग निरोप का न्हाई धाडला?"

"कशाला धाडू?" म्हातारीनं माझ्याकडं सरळ बघितलं. "वासरू दावणीला असलं म्हंजी गाय सांजंला माघारी येती. तुमी दोगं तिकडं गेलासा, हितं उसाला कोन? मला वाटलं येशीला. आलीस का न्हाई?"

"आलो. पन वासरू सोडून न्यायला आलो."

मग घासाघीस झाली. ऊस तुटून जाऊ दे, मग ने. नको. दिवाळीपर्यंत ठेव. नको. निदान यंदाची जत्रा. मी म्हटलं, "एकदा बोली केली व्हती. ती तुमी मोडली. आता बोली न्हाई." त्यांनी तव्यावरची भाकरी काढली, कापडात गुंडाळली आणि दिलीपसाठी माझ्या पुढ्यात सरकवली. 

वाटेत दिलीपनं कंडक्टरलाच सांगितलं, "मला शी लागली." कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी काय तुझ्या पोराची हाय?" मी म्हटलं, "न्हाई. म्हनून तर सांगतोय. गाडी तुमची, धुनार तुमी." घंटी लगेच वाजली.

सांगलीत मात्र पंचाईत झाली. चाळीच्या टोकाचा संडास अंधारा, पत्र्याचं दार, आत भोक. दिलीपला मोकळं आभाळ आणि कडब्याचा आडोसा माहीत. तो आत जाईना. गटारीवर बसवला तर येणारे-जाणारे बघून उठायचा. "लागली" म्हणायचा, आणि जागा शोधता शोधता व्हायची. तिसऱ्या वेळी ती काकूंच्या शहाबादी फरशीवर झाली.

काकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आपलं ठरलं काय होतं?"

मी म्हटलं, "मूल सांगणारं पाहिजे, असं ठरलं होतं. हा सांगतो. चाळभर ऐकू जाईल असं सांगतो. जायला जागा द्यायची, हे ठरवायचं तुमच्याकडून राहिलं."

काकू रागावल्या, मग पदराआड हसल्या. विहिरीपलीकडं शेवग्याच्या झाडाखाली कोपरा होता, तो त्यांनी दिला. मी तिथं खड्डा केला, दोन विटा मांडल्या. पहिल्या दिवशी विटांवर मी बसले, पाय पुढं केले आणि दिलीपला पावलांवर टेकवलं. एवढा मोठा झालेला, त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते. तो इकडंतिकडं बघायला लागला.

"काय रं? कर की."

"आबा कुठं हायती?"

"आबा कशाला?"

"गंजीमागं कोंबडा येतो. आबा काठी घिऊन हुबं ऱ्हात्यात. मग मी करतो."

मालक खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. आत वळले आणि स्टोव्हला पंप मारायला लागले. स्टोव्ह पेटलेलाच नव्हता.

पुढं मी मंडईत गाळा घेतला. घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्याला म्हटलं, आधी संडास बांध, उजेडाचा, मोठ्या खिडकीचा. तो म्हणाला, लोक देवघरापासून सुरू करतात. मी म्हटलं, लोकांना करू दे. दिलीपची पोरं आज तिथं बसून मोठ्यानं गाणी म्हणतात आणि झाली की मला हाक मारतात.

आत्याबाई गेल्या. त्यांच्यावर माझा राग आहे, पण त्यांचा व्यवहार मला समजतो. त्यांना उसाला माणसं पाहिजे होती आणि विचारल्यावर त्यांनी तोंडावर सांगितलं. लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं? कुंडल म्हणावं तर जीभ अडते. स्वतःच्या लेकराची बातमी जिला वांगी घेताना कळते, तिचं ते घर कसं? सांगली म्हणावं, तर तिथंच मला दर अमावस्येला खोटं ऐकवलं गेलं. भिंती माझ्या आहेत, गाळा माझा आहे. त्या खोट्यामागचं खरं, एवढी एकच गोष्ट अजून माझी झालेली नाही.

म्हणून दिलीपचे आबा, हे तुम्हाला. पेठेत वजन फिरवायला तुम्ही काट्याला कधी बोट लावलं नाही, असं सगळी सांगली म्हणते. तुम्ही आईला भ्यालात, का तुम्हालाही माघारी जायचं होतं, का मी दर अमावस्येला विचारते हे तुम्हाला बरं वाटत होतं? यातलं काय ते सांगा. मी इतकी वर्षं विचारलं की तुम्ही उठून बाहेर जाता. आज दाराला मी आतून कडी घातली आहे. बसा, आणि बोला.