चौदातून वजा

क्लॅरिनेट वाजवणारे पुष्कळ असतील, पण क्लॅरिनेटची कचेरी चालवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा. आतोबा आर्वीला तहसिलीत कारकून. पलटणीतून निवृत्त झालेल्या एका वादकाकडून त्यांनी जुनं, तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट घेतलं, सोबत बोटांच्या तक्त्यांचं पुस्तक. पुस्तक उघडायच्या आधीच त्यांनी चाव्यांवर खळीने नंबरांच्या चिठ्ठ्या डकवल्या, वरून खाली, एक ते तेरा. मग पुस्तक उघडलं, तर त्यात एक नंबर सगळ्यात खालच्या चावीला! आतोबा खवळलेच. "साहेब वर बसते, चपराशी खाली. हा खालून काऊन मोजून राह्यला?" चिठ्ठ्या बदला, असं आत्याने सुचवलं, तर म्हणाले, "येकदा पडलेला नंबर बदलत नसते. वरून आर्डर या लागते." पुढे आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, पण आतोबांच्या चाव्या जागच्या हलल्या नाहीत.

उपाय त्यांनी काढला तो असा, की पुस्तकातला नंबर चौदातून वजा करायचा. हे काम माझी आतेबहीण शकूताई करी. ती डाव्या बाजूला पुस्तक घेऊन बसे आणि ओरडे, "चौदातून नऊ गेले पाच!" तेवढा वेळ गाणं थांबे. त्यात वरच्या सुरांची भानगड निराळीच. एकाच सुराला बोटांच्या दोन-दोन, तीन-तीन तऱ्हा. आतोबांनी त्यांना कायम, बदली आणि हंगामी अशा नेमणुका दिल्या होत्या. पाहुणा आला की विचारायचे, "कायमवर ऐकता का बदलीवर?" बिचारा काय सांगणार? दोन्ही प्रकारांत क्लॅरिनेट दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखं ओरडे. आत्या आतून म्हणायची, "त्या हंगामीले सुट्टी द्या अन् जेवाले या."

शकूताईचं लग्न रोहण्याला ठरलं, तेव्हा तिने बजावलं, "बाबा, माह्या बिदाईले तुमीच वाजवजा. अन् थो वरचा सूर चिरकला, तर मी दमणीत बसणारच नाई." आतोबांची झोप उडाली. साऱ्या कचेरीला सांगून बसले होते.

बिदाईच्या वेळी दमणीला, म्हणजे छपराच्या गाडीला, बैल जुंपलेले, शकूताई आत बसलेली, बायका डोळे पुसताहेत. आतोबांनी गाणं छान वर नेलं आणि वरच्या सुराशी येऊन सवयीने थांबले. डावीकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. इतक्यात दमणीतून, पदराआडून, रडक्या आवाजात नवरी ओरडली, "चौदातून चार गेले दहा! उजवी करंगळी, बाबा!"

सगळे खो खो हसले. आणि आयुष्यात पहिल्यांदा आतोबांचा वरचा सूर स्वच्छ लागला.

दमणी निघाली तरी ते सूर सोडेनात. चेहरा लालबुंद, शिरा फुगलेल्या, डोळ्यांतून धारा. दमणी वळणाआड गेल्यावर आत्याने पाठीवर हात ठेवला, "सोडा आता. गेली थे."

धापा टाकत त्यांनी विचारलं, "वळणापर्यंत ऐकू गेलं असन ना तिले?"

दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच विचारत राहिले. आम्ही सगळे, वळणाकडे न फिरकलेलेसुद्धा, त्यांना सांगत होतो, "गेलं ना, आतोबा. साफ गेलं."